बुधवारचं गंधक

तीन हजार चारशे सील परत आली
लाल चिठ्ठी लावून, टेम्पोचं भाडं माझ्याच नावावर.
चाकणच्या साहेबांनी फोनवर एकच शब्द टाकला : तडे.
भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये
दोन प्रेस, एक मिल आणि एक हनीफ मुजावर
यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहिलो,
आणि नजर, खोटं कशाला बोलू,
हनीफवरच थांबली.

एकवीस वर्षं तो रबर शिजवतो.
घड्याळाकडे बघत नाही.
साच्याबाहेर आलेल्या पातळ झालरीत
अंगठ्याचं नख रुतवतो;
खूण राहिली तर कच्चं, उठून आली तर झालं.
"भाकरी फुगली की कळतं ना भाऊ, तसं."
त्या दिवशी मला भाकरीचं नावही नको होतं.

कुणीतरी म्हणालं, पाषाणला विचारून बघ.
पाषाण म्हणजे मला टेकडीकडचा रस्ता,
गेटवर रखवालदार, आत झाडं,
झाडांआड आपल्याला न कळणारी माणसं.
डब्यात दोन चांगली, दोन फुटकी सील घेऊन गेलो,
फुटकी खाली ठेवून.

डॉक्टर कुलथे बाई आल्या त्या पीएमटीनं.
पायात साधी चप्पल. पुतण्याचे सेफ्टी शूज दिले,
दोन नंबर मोठे, चालताना फटफट वाजणारे.
पहिल्या दिवशी त्या काही बोलल्याच नाहीत.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी विचारलं,
"गुरुवारी तुम्ही काय करता?"

गुरुवारी? गुरुवारी भोसरी झोपते.
मी दत्ताला जातो, हनीफ सासुरवाडीला.
"आणि रबर?"

रबर.
बुधवारी संध्याकाळी गंधक घालून मळलेलं,
दक्षिणेच्या पत्र्याला टेकवून ठेवलेलं,
शुक्रवारी सकाळी तयार हाताशी असावं म्हणून.
ही पद्धत लावली कुणी? मीच. माझ्याच अकलेनं.
बाईंनी परतीच्या मालाचे नंबर वहीतून शोधले :
शुक्रवार. शुक्रवार. शुक्रवार.
सुट्टी आम्हाला होती, त्याला नव्हती.
गंधक पडलं की रबर आतल्या आत शिजायला लागतं,
हळूहळू, कुणी बघत नसताना,
पत्र्यामागच्या उन्हावर.

एका कागदावर त्यांनी एक रेघ आणली होती,
आडवी चालते, मग चढते, मग सपाट होते.
हनीफनं ती आधी उलटी धरली, मग सुलटी,
आणि चढण संपते तिथं बोट टेकवलं :
"इथं नख उठून येतं."
बाईंनी खालचा आकडा वाचला.
चार मिनिटं दहा सेकंद.
"लावा बरं एक साचा."
त्यांच्या मुठीत स्टॉपवॉच, त्याच्याकडे अंगठा.
चार मिनिटं बाराला त्यानं प्रेस उघडला.
चहा सांगायच्या निमित्तानं मी बाहेर गेलो
आणि चहा सांगायचा विसरलो.

इलाजाला रुपयाही लागला नाही.
गंधक बुधवारी नको, शुक्रवारी घाला.
एवढंच.
मिलच्या वर खडूनं लिहून ठेवलंय.
शेजारच्या गाळ्यातल्या ओसवालनं विचारलं,
काय रे, काय मंत्र दिला बाईंनी?
मी नुसता हसलो.
ते हसू रात्रभर तोंडावर तसंच,
सुट्टीतल्या रबरासारखं, कडक होत गेलं.
सकाळी त्याला आत बोलावून
खडूची ओळ वाचून दाखवली.

परवा बाई पुन्हा आल्या.
मशीनवर चिकटवलेला त्यांचा कागद आता ओळखू येईना,
काळे ठसे, तेलाचा डाग,
आणि रेघेवर हनीफच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा :
पावसाळ्यात इथं. थंडीत इथं.
साचा नवा असेल तर जरासं पुढं.
बाई कितीतरी वेळ वाचत होत्या.
"ह्याची झेरॉक्स मिळेल? आमच्याकडे हे नाही."
"झेरॉक्समध्ये पेन्सिल नीट उमटत नाही," हनीफ म्हणाला,
"हाच न्या.
मला दुसरी रेघ आणून द्या."